बुडावरची खूण

घरांतील जुनें लाटणें हातीं घेऊन त्याच्या टोंकांकडे आमच्या वाचकांपैकीं किती जणांनीं निरखून पाहिलें असेल? पोळी लाटणाऱ्या हाताची ओळख लाटण्याच्या मधल्या भागाशीं. टोंकांशीं त्याचें काम पडत नाहीं. तरी एखादे दिवशीं सवड काढून अवश्य पहावें. करणाऱ्यानें टोंकें घांसून टाकलीं नसतील, तर दोन्ही टोंकांच्या बरोबर मध्यावर जोंधळ्याच्या दाण्याएवढा एक एक खळगा दिसेल. नंतर देवघरांतला आजीच्या वेळचा कुंकवाचा लांकडी करंडा उलटा करावा. त्याच्या बुडाला खळगा नाहीं. तेथें तोडल्याची खरखरीत वर्तुळाकार खूण आहे, आणि मध्यें किंचित् उंचवटा राहिलेला आहे. शेवटीं, अलीकडे शहरांतल्या दुकानांतून आणलेलें लांकडी वाडगें पालथें घालावें. त्याच्या बुडाला अंगठीसारखी एक बसकी बैठक आढळेल, आणि उजेडाकडे तिरपें धरल्यास त्या बैठकीवर चार ठिकाणीं पुसट दाब उमटलेले दिसतील.

वस्तु तीन, खुणा तीन. तिन्ही वस्तु फिरत्या लांकडावर हत्यार धरून, म्हणजे कांतून, केलेल्या आहेत. आणि प्रत्येकीच्या बुडावरची खूण, कांतत असतांना तें लांकूड कसें धरलें होतें, हें सांगत आहे. इतिहासाच्या अध्यापनांत आमचें आयुष्य गेलें. कागद नाहीं तेथें इतिहास नाहीं, असें आम्ही विद्यार्थ्यांना सांगत आलों. परंतु कांतारी हा असा कारागीर आहे कीं त्यानें कागद कधीं लिहिला नाहीं आणि त्याच्याविषयींही कोणीं फारसा लिहिला नाहीं. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराशीं धेनुकाकटाच्या सामि नांवाच्या सुताराचा लेख दोन हजार वर्षें टिकून आहे. कांतकाम करणाऱ्याला असें भाग्य क्वचितच लाभलें. त्याची सही आहे ती बुडावरच. ती वाचतां येते काय, हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रथम शब्दाचा विचार करूं. मराठींत ‘कांतणें’ हें एकच क्रियापद दोन धंद्यांस लागतें: सूत कांततात आणि लांकूडही कांततात. संस्कृतांत ‘कृत्’ असे दोन धातु आहेत. एकाचा अर्थ कापणें, दुसऱ्याचा सूत काढणें. मराठीनें दोहोंना एका शब्दांत आणून बसविलें, आणि हा केवळ उच्चाराचा अपघात असला तरी मोठा मार्मिक अपघात आहे. चातीवर सूत काढणारी बाई आणि सांगाड्यावर लाटणें करणारा सुतार या दोघांचेंही काम फिरत्या वस्तूला नीट धरण्याचें आहे. येथें एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. ज्या शहापूर व मुरबाड तालुक्यांविषयीं आम्हांस पुढें लिहावयाचें आहे, तेथें कातकऱ्यांची वस्ती पुष्कळ आहे. त्यांच्या नांवाचा या कांतण्याशीं संबंध नाहीं. खैराच्या लांकडापासून जो कात निघतो, तो करणारे म्हणून ते कातकरी. कांतारी निराळा. उत्तरेकडून आलेला ‘खरादी’ हा त्याचाच दुसरा पर्याय असून त्याचें मूळ फारसी-अरबींत आहे.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्यें पुण्याच्या खंडांत कांतारी स्वतंत्र मथळ्याखालीं येतो. पुण्यासारख्या शहरांत पाळणे, खेळणीं आणि पलंगाचे खूर यांना गिऱ्हाईक भरपूर, म्हणून तेथें हा धंदा स्वतंत्रपणें पोट भरूं शकला. आमच्या मुरबाडकडच्या खेड्यांत तसें नव्हतें. तेथें नांगर करणारा, गाडीच्या चाकाचा तुंबा घडविणारा सुतारच पावसाळा संपला कीं सांगाडा मांडून कांतकाम करी. आमचें बालपण त्या तालुक्यांतल्या एका लहान गांवांत गेलें, आणि पन्नास वर्षांपूर्वीचा तो सांगाडा आमच्या डोळ्यांपुढें आजही जसाच्या तसा उभा आहे.

तो होता असा. जमिनीलगत एक जाड आडवी तुळई. तिच्यावर दोन बुटके खुंट, एक पक्का व एक सरकणारा. प्रत्येक खुंटांतून आंतल्या बाजूस लोखंडाचें एक टोंक बाहेर आलेलें. या दोन टोंकांमध्यें लांकूड अडकवावयाचें आणि सरकत्या खुंटामागें पाचर ठोकून तें आवळावयाचें. लांकडाला दोरीचे दोन वेढे. दोरीचीं दोन्ही टोंकें सुताराच्या धाकट्या भावाच्या हातांत. तो एकदां उजवा हात ओढी, एकदां डावा. लांकूड कधीं इकडे फिरे, कधीं तिकडे. सुतार जमिनीवर बसून हत्याराची मूठ हातानें व पातें पायाच्या अंगठ्यानें सांवरी. लांकूड त्याच्याकडे फिरत येईल तेवढ्यापुरतें पातें टेकवावयाचें, उलट फिरूं लागतांच अंमळ मागें घ्यावयाचें. धर-सोड, धर-सोड, असा तो ताल असे. अर्धा वेळ काम, अर्धा वेळ विसावा. त्यामुळें पाहणाऱ्यास तें संथ वाटे, परंतु दिवस मावळेपर्यंत लाटण्यांचा भारा तयार असे.

आम्हां मुलांचें लक्ष भुसा उडण्याकडे असे. आतां विचार करतां असें वाटतें कीं, खरें पाहण्यासारखें काम त्यापूर्वीं होऊन जात होतें. लांकडाचा तुकडा सुतार प्रथम कानाशीं नेऊन बोटाच्या पेरानें वाजवी. बद्द आवाज आला तर तो तुकडा चुलीकडे जाई, कारण आंत कोठें तरी चीर आहे असा त्याचा अर्थ. मग तो टोंकाकडून वलयें पाही. झाडाचा गाभा मध्यावर आला असेल तर तो तुकडा वाळतांना तडकणार, म्हणून तोही बाजूला. नंतर काडीनें माप घेऊन तो दोन्ही टोंकांचा मध्य काढी, तेथें खळगा पाडी, खळग्यांत तेलाचा थेंब सोडी, आणि मगच पाचर ठोकी. पाचर जास्त बसली तर लांकूड करकरतें आणि टोंकाशीं जळतें. कमी बसली तर तें निसटतें. किती बसवावी हें तो दोरी एकवार ओढावयास लावून हाताच्या तळव्यानें अजमावी. लाटण्याच्या टोंकावरचा जो खळगा म्हणून आम्हीं आरंभीं सांगितला, तो हाच. त्या खळग्यांत एवढें ज्ञान सांठलेलें आहे.

हा सांगाडा किती जुना? पाली वाङ्मयांतील सतिपट्ठानसुत्तांत श्वासाकडे लक्ष कसें ठेवावें हें सांगतांना ‘भमकारा’चा, म्हणजे कांताऱ्याचा, दृष्टांत दिला आहे. कुशल भमकार किंवा त्याचा शिष्य लांब ओढ घेतांना ती लांब आहे हें जाणतो, आखूड घेतांना आखूड आहे हें जाणतो. तसें साधकानें श्वासाविषयीं जाणावें, असा त्याचा आशय आहे. ओढीची ही भाषा एकसारख्या फिरणाऱ्या चाकाची नव्हे; ती दोरीनें मागेंपुढें फिरणाऱ्या सांगाड्याची आहे. शिवाय गुरूबरोबर शिष्याचाही उल्लेख आहे, म्हणजे ही विद्या माणसाकडून माणसाकडे जात होती. पुराणांत सूर्याची कथा प्रसिद्ध आहे. पतीचें तेज संज्ञेला सहन होईना, तेव्हां विश्वकर्म्यानें सूर्याला भ्रमियंत्रावर चढवून त्याच्या तेजाचा कांहीं अंश कांतून काढला, आणि त्या कांतणावळींतून विष्णूचें चक्र, शंकराचा त्रिशूळ व कार्तिकेयाची शक्ति हीं घडविलीं. कालिदासानेंही रघुवंशाच्या सहाव्या सर्गांत अवंतीच्या राजाचें वर्णन करतांना हीच उपमा योजिली आहे. या कथेंत आधीं चढविणें येतें, तासणें मागून येतें. साक्षात् सूर्य झाला तरी तो नीट बसविल्यावांचून कांततां यावयाचा नाहीं, हें पुराणकारास ठाऊक होतें!

दोन माणसांचें हें यंत्र आपल्याच देशांत होतें असेंही नाहीं. ईजिप्तमध्यें पेटोसिरिस नामक पुरोहिताच्या थडग्यांत, इसवी सनापूर्वीं सुमारें ३०० च्या, एका कोरीव चित्रांत एक जण दोरी ओढीत आहे व दुसरा हत्यार धरून बसला आहे. आमच्या गांवच्या सुतारानें तें चित्र पाहिलें असतें तर, पायाचा अंगठा कां वापरीत नाहीं, एवढेंच बहुधा विचारलें असतें.

आतां करंड्याकडे वळूं. दोन टोंकांत धरलेल्या लांकडाची एक अडचण उघड आहे. लाटणें, रवी, पाळण्याचा दांडा, जें बाहेरून गोल तें सर्व त्या रीतीनें होईल. परंतु जें आंतून पोकळ करावयाचें, तें कसें होणार? पोकळी जेथें करावयाची, नेमकें तेथेंच लोखंडी टोंक बसलेलें! तेव्हां एक बाजू मोकळी ठेवून लांकूड दुसऱ्या एकाच बाजूनें धरावें लागतें. कांतकामाच्या सर्व इतिहासांत खरा अवघड घाट तो हाच. आपल्या कारागिरांनीं तो फार प्राचीन काळीं ओलांडला होता. सांचीच्या परिसरांतील स्तूप १८५१ मध्यें उकलले गेले, तेव्हां कनिंगहॅम यांना त्यांत मऊ दगडाच्या कांतलेल्या अस्थिमंजूषा सांपडल्या. त्यांचें पोट पोकळ आणि झांकण बरोबर बसणारें. पुढें कर्नाटकांत चालुक्य व होयसळ यांच्या मंदिरांतून तर मऊ दगडाचे अखंड स्तंभच कांतलेले दिसतात.

लांकडाच्या करंड्यासाठीं जी युक्ति आहे ती सोपी दिसते, पण सोपी नाहीं. सांगाड्यावर कामाचें लांकूड चढवावयाचें नाहीं. त्याच्या जागीं एक कायमचा लांकडी दांडा चढवावयाचा, दोरी त्याच दांड्याला गुंडाळावयाची, आणि दांड्याच्या एका डोक्याला वाटीसारखी खोबण ठेवावयाची. करंड्याच्या तुकड्याचें बूड किंचित् निमुळतें तासून तें त्या खोबणींत मोगरीनें ठोकून बसवितात; किंवा लाख तापवून त्यानें चिकटवितात. आंतून पोखरून, बाहेरून घडवून झालें कीं बुडापाशीं हत्यार घालून करंडा तोडून घेतात आणि उरलेला खुंट खोबणींतून काढून टाकतात. आजीच्या करंड्याच्या बुडावरची खरखरीत वर्तुळाकार खूण ती हीच. नाळ तोडल्याची खूण म्हटली तरी चालेल. कोंकणांत सावंतवाडीला भोसले संस्थानिकांच्या आश्रयानें चितारी घराण्यांनीं हें काम नांवारूपास आणलें. तेथें लाखेचा उपयोग रंगासाठींही होतो: फिरत्या लांकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवितात, घर्षणाच्या उष्णतेनें ती वितळून पसरते, आणि मग केवड्याच्या पानानें तिला झिलई देतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही कला लयाला जाऊं लागली असतां शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनीं राजवाड्यांतच कारागीर बसवून ती जगविली, ही गोष्ट महाराष्ट्रानें विसरतां कामा नये.

खोबणींत ठोकून बसविण्याचे नियम आहेत, आणि ते आमच्या गांवच्या सुतारालाही ठाऊक होते. पहिला नियम असा कीं, खुंटाचें टोंक खोबणीच्या तळाला टेकतां कामा नये. तळाला टेकलें कीं बाजू सैल राहतात, आणि वरून घट्ट दिसणारें लांकूड आंतून डुगडुगत असतें. दुसरा असा कीं, खुंटाच्या वर लांकडाला सपाट खांदा ठेवावा व तो खोबणीच्या ओंठावर सर्व बाजूंनीं सारखा टेकावा. बाजूचा धक्का सोसतो तो खांदा, खुंट नव्हे. तिसरा नियम लांकडाच्या रेषांचा. रेषा खुंटाच्या लांबीनें गेल्या असतील तर खुंट बळकट. त्या आडव्या गेल्या असतील तर तो मुळ्यासारखा मोडतो, म्हणून त्या वेळीं खुंट जाड व आखूड ठेवावा आणि हत्यार हलक्या हातानें चालवावें. हे तीन नियम वाचकांनीं लक्षांत ठेवावे, कारण पुढें त्यांच्याशीं आम्हांस पुन्हां काम पडणार आहे.

युरोपांतील कांताऱ्यांसही याच अडचणींतून जावें लागलें. त्यांनींही लांकडी खोबणी, खिळ्यांचे दांते, मळसूत्राचा खिळा असे नाना प्रकार केले. १७०१ मध्यें फ्रान्सांत प्ल्युमिए या संन्याशानें कांतण्याच्या कलेवर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. एकोणिसाव्या शतकांत लंडनच्या होल्टझॅप्फेल पितापुत्रांनीं पांच खंडांचा प्रचंड ग्रंथ लिहिला. अशा ग्रंथांत लांकूड धरण्याच्या साधनांनीं पानेंच्या पानें व्यापलीं आहेत, यावरून हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा होता तें दिसतें. त्याला सर्वमान्य उत्तर मिळालें तें अमेरिकेंत. कनेटिकट प्रांतांतील सायमन फेअरमन यानें १८४० मध्यें अशा एका चकाचें पेटंट घेतलें कीं ज्याचे जबडे एकाच किल्लीनें एकदम सारखे आंत किंवा बाहेर सरकतात. यांतली युक्ति समजावयास चकली डोळ्यांपुढें आणावी. चकाच्या पोटांत एक पोलादी तबकडी असते व तिच्यावर चकलीच्या वेढ्यांसारखी नागमोडी धार कोरलेली असते. जबड्यांच्या पाठीचे दांते त्या धारेंत अडकलेले असतात. किल्लीनें तबकडी फिरविली कीं वेढ्यांबरोबर सर्व जबडे सारख्या अंतरानें मध्याकडे येतात, आणि गोल वस्तु आपोआप मध्यावर धरली जाते. सुतार काडीनें जो मध्य काढीत होता, तो आतां यंत्र काढूं लागलें. हा चक मूळचा लोखंडासाठीं. लांकूड कांतणाऱ्यांसाठीं मुद्दाम घडविलेला चार जबड्यांचा चक घरोघरच्या हौशी कारागिरांपर्यंत पोहोंचला तो मात्र विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत. वाडग्याच्या बुडावरचे चार पुसट दाब ते या चार जबड्यांचे होत.

आमच्या तालुक्यांशीं या पोलादी पकडीचा संबंध जोडला तो आगगाडीनें. १८५३ मध्यें गाडी ठाण्यापर्यंत आली, १८५४ मध्यें कल्याणला, आणि १८६५ मध्यें शहापूर तालुका ओलांडून थळ घाटानें इगतपुरीस चढली. मुंबईंत १८५६ मध्यें पहिली कापडगिरणी सुरू झाली. १८७९ मध्यें परळला रेल्वेचा मोठा कारखाना निघाला. १८८७ मध्यें व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्था स्थापन झाली. गिरणी व रेल्वे या दोहोंना फिरत्या चकाशीं उभा राहणारा माणूस हवा होता. त्याला ‘टर्नर’ म्हणूं लागले, आणि कांतारी हा शब्द मागें पडला. मौज अशी कीं, गिरणींत सूत ज्या कांड्यांवर गुंडाळलें जाई त्या कांड्याही लांकूड कांतूनच करीत. आणि अशा कांड्यांस जें लांकूड मानवतें तें हेदीचें, जी हेद शहापूर-मुरबाडच्या रानांत ऐन, साग व कळंब यांच्या शेजारीं वाढते. कांतलेल्या लांकडावर कांतलेलें सूत! मराठीनें एका शब्दांत जें बसविलें होतें, तें गिरणीनें एका चातीवर बसविलें.

‘टर्नर’ हा व्यवसाय आज शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिकविला जातो. अशा संस्था शहापूर व मुरबाड या दोन्ही ठिकाणीं आहेत. आमचा एक तरुण परिचित हें शिक्षण घेतलेला. त्यानें कांहीं वर्षांपूर्वीं शहापूरजवळ लांकडी वाडगीं व दिवे करण्याचा छोटा कारखाना घातला. विजेवर चालणारें यंत्र, चार जबड्यांचा चक, सर्व कांहीं नवें. त्यानें मोठ्या हौसेनें आम्हांस पहावयास बोलाविलें. आंब्याच्या लांकडाचा तुकडा त्यानें चकांत धरला, किल्ली फिरविली, आणि आमच्यासमोर पक्केपणा दाखवावा म्हणून ती आणखी अर्धा वेढा आवळली. यंत्र सुरू झालें. वाडग्याची बाहेरची बाजू सुरेख उतरली. आंतून पोखरूं लागला तोंच हत्यार रुतलें, एक कडकडाट झाला, आणि तें वाडगें आमच्या कानावरून जाऊन मागच्या खिडकीच्या कांचेंतून बाहेर पडलें. उडालेल्या एका ढलपीनें त्याची भिंवई फोडली. बोटभर खालीं लागती तर डोळा गेला असता.

रक्त थांबल्यावर त्यानें पहिली गोष्ट केली ती ही, कीं चकांत राहिलेला मोडका खुंट काढून तो आमच्या हातीं दिला. आम्हांस पन्नास वर्षांपूर्वींचे तीन नियम आठवले, आणि तिन्ही मोडल्याचें त्या लहानशा तुकड्यावर लिहिलेलें होतें. खुंट लांब ठेवल्यामुळें त्याचें टोंक चकाच्या तळाला टेकलें होतें. त्याच कारणानें खांदा जबड्यांच्या तोंडावर बसलाच नव्हता. आणि लांकडाच्या रेषा आडव्या असल्यामुळें जास्तीच्या अर्ध्या वेढ्यानें खुंटाच्या शिरा चेंगरून अगोदरच चिरल्या होत्या. लोखंडाला आवळण्याची त्याच्या हाताला संवय. लोखंड सर्व बाजूंनीं सारखें असतें, लांकूड तसें नसतें. तें एकेकाळीं झाड होतें, आणि कोणत्या दिशेनें वाढलें हें तें विसरत नाहीं.

पकड घट्ट असणें निराळें आणि पकड बरोबर असणें निराळें, ही गोष्ट आम्हांस त्या दिवशीं उमगली, आणि तीच या सर्व इतिहासाची किल्ली आहे असें आम्हांस वाटतें. दोरीच्या सांगाड्यापासून पोलादी चकापर्यंत माणसानें पकडीचें बळ अनेक पटींनीं वाढविलें. परंतु ती बरोबर कशी करावी हें ज्ञान चकाबरोबर पेटींतून येत नाहीं. खुंट किती रुंद घ्यावा? जबडे जवळजवळ मिटलेले असतांना त्यांच्या कडांचें जें वर्तुळ होतें, त्याहून अंमळच मोठा. म्हणजे जबडे चार टोंकांनीं न चावतां चारही बाजूंनीं कवटाळतात. तो कसा तासावा? जबड्यांची आंतली बाजू उतरती असेल तर खुंटही बुडाकडे किंचित् रुंद होत गेलेला, डमरूच्या अर्ध्यासारखा, म्हणजे तो निसटूं पाहील तसा अधिकच अडकेल. लांकूड ओलें असेल तर काम चालू असतां तें आकसतें, म्हणून मधून मधून थांबून जबडे पुन्हां तपासावे. जेथवर जमेल तेथवर समोरच्या टोंकाचा टेंका काढूं नये. आणि यंत्र सुरू करतांना वाडग्याच्या फेऱ्याच्या रेषेंत स्वतः उभें राहूं नये, पाहुण्यालाही उभें करूं नये! त्या तरुणानें पुढें हें सर्व शिकून घेतलें. त्याची भिंवई बरी झाली, व्रण राहिला. त्याच्याही कामाची ती एक खूणच.

येथें एक विचार मनांत येतो. जुन्या सांगाड्यावर दोन माणसें होतीं. दोरी ओढणारा निव्वळ बैल नव्हता. तो समोरून काम पहात असे, लांकूड डुगडुगलें तर सर्वांच्या आधीं दोरीतून त्याच्या हाताला कळे, आणि तो ओढ थांबवी. शिष्य तो याच रीतीनें होई. विजेनें त्याला मोकळें केलें, हें बरेंच झालें. दिवसभर दोरी ओढणें हें सुखाचें काम नव्हे, आणि जुन्या दिवसांच्या आठवणींत आम्ही तें विसरूं इच्छीत नाहीं. परंतु त्याबरोबर यंत्राशेजारचे दुसरे डोळेही गेले.

दुसरी हानि याहून मोठी. लांकूड बोटानें वाजवून ओळखणारा माणूस घडण्यासाठीं आधीं हाताशीं लांकूड पाहिजे. ठाणें जिल्ह्यांत ही गोष्ट दीडशें वर्षांपूर्वींपासून कठीण होत गेली. साग, शिसव व चंदन हीं झाडें सरकारचीं, असा दंडक मुंबई इलाख्यांत होता. १८७८ च्या वनकायद्यानें रानें राखीव होऊं लागलीं, आणि ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांतून इतकी ओरड झाली कीं सरकारला १८८५ मध्यें चौकशीसाठीं मंडळ नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७ मध्यें बाहेर आला. राखलें नसतें तर शहरें व रेल्वे यांनीं तें रान केव्हांच खाऊन टाकलें असतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु रानाच्या कुशींत राहणाऱ्या ठाकूर, महादेव कोळी, वारली व कातकरी या लोकांचा आणि त्यांच्या शेजारच्या सुताराचा लांकडावरचा हात त्यामुळें ढिला पडत गेला. २००६ च्या वनहक्क कायद्यानें वनवासीयांना गौण उपजेवर हक्क दिला. त्यांत बांबू आहे, इमारती लांकूड नाहीं. कोणत्या झाडाचें लांकूड कांततांना गुण देतें आणि कोणतें दगा देतें, हें ज्या लोकांना उपजत ठाऊक, त्यांच्यापाशीं यंत्र नाहीं; ज्यांच्यापाशीं यंत्र आहे, त्यांना लांकडाची ओळख नाहीं. दोघे एकाच तालुक्यांत राहतात, आठवड्याच्या बाजारीं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून चालतात, आणि दोघांमध्यें पुरता अडीच हजार वर्षांचा इतिहास तुटून पडला आहे. हें तुटलेलें जोडणें अशक्य नाहीं. प्रशिक्षण संस्थेंत लोखंडाच्या तुकड्याबरोबर कुड्याचा, शिवणीचा, हेदीचा एकेक तुकडा विद्यार्थ्याच्या हातीं द्यावा, आणि तो वाजवून पहावयास शिकविण्यासाठीं जवळच्या पाड्यावरचा एखादा जाणता म्हातारा बोलवावा. त्यास खर्च येणार तो म्हाताऱ्याच्या एका दिवसाच्या रोजाचा.

मुरबाड तालुक्यांत म्हसा येथें पौष पौर्णिमेस खांबलिंगेश्वराची जत्रा भरते. बैलांचा आणि घोंगड्यांचा बाजार हें तिचें वैशिष्ट्य. त्यांच्या आडोशाला पोळपाट, लाटणीं व भोंवरे मांडून बसणारेही असतात. गेल्या खेपेस आम्हीं तेथें एक भोंवरा घेतला. विकणाऱ्यास तो कोणीं केला हें सांगतां आलें नाहीं. घरीं येऊन चष्मा लावून पाहिलें. खालीं आर बसविलेली, तेव्हां त्या टोंकाला कांहीं कळेना. परंतु वरच्या टोंकावर, बरोबर मध्यावर, जोंधळ्याच्या दाण्याएवढा खळगा होता.

कोठें तरी अजून कोणी काडीनें मध्य काढतो आहे.